आरशावरील धातूचा थर आणि उष्णतामान

सकाळीं भांग पाडतांना आपण आरशांत पाहतों, तेव्हां आपलें मुख आपणांस कोण दाखवितें? पुष्कळांचें उत्तर ‘कांच’ असें येईल. परंतु कांचेचें काम केवळ आधार देण्याचें व रक्षण करण्याचें. प्रकाश परतवून मुख दाखवितो तो कांचेच्या पाठीशीं चिकटलेला धातूचा थर. आणि हा थर इतका पातळ असतो कीं, तसे सातआठशें थर एकावर एक रचावे, तेव्हां कोठें माणसाच्या एका केसाएवढी जाडी भरावी. खाऊच्या चकचकीत पिशव्यांच्या आंतल्या अंगास, संगणकाच्या चिपेंत आणि मोठमोठ्या दुर्बिणींच्या आरशांवर याच जातीचे पातळ थर असतात.

हा थर घालतांना त्याच्याखालील वस्तु किती ऊन किंवा किती थंड ठेवावी, एवढाच प्रश्न आज आम्हीं विचारासाठीं घेतला आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचें उत्तर चुकलें, तर मोठ्या कष्टानें घासून घडविलेला आरसा दुधी कांचेसारखा निस्तेज होऊं शकतो. शिवाय ‘जितकें ऊन तितकें बरें’ असें हें उत्तर नाहीं, आणि ‘जितकें थंड तितकें बरें’ असेंही नाहीं. तें कसें, हें समजण्यासाठीं आपणांस एकेका अणूच्या मागोमाग जावें लागेल.

प्रथम गुळगुळीतपणाचें महत्त्व पाहूं. मोजण्यासाठीं आपण नॅनोमीटर हें माप घेऊं. एका मिलिमीटरचे दहा लक्ष समान भाग केले, म्हणजे त्यांतील एक भाग तो एक नॅनोमीटर. डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या असतात; आरशावरील थराची जाडी १०० नॅनोमीटरच्या आसपास असते. थराच्या पृष्ठभागावर उंचवटे व खळगे असले, तर लहरीचे निरनिराळे भाग थोडे मागेंपुढें होऊन परततात, आणि कांहीं प्रकाश ठरलेली वाट सोडून चोहोंकडे विखुरतो. हिरव्या प्रकाशाचा हिशेब असा आहे: पृष्ठभागाचा सरासरी चढउतार २ नॅनोमीटर असला, तर परतणाऱ्या प्रकाशाच्या हजार भागांपैकीं सुमारें दोन भाग विखुरतात; तोच १० नॅनोमीटर झाला, तर शेंकडा पांच भाग वाट चुकतात. म्हणजे चढउतार दुप्पट झाला कीं विखुरणारा प्रकाश चौपट होतो. घरच्या आरशास एवढी गळती चालेल; परंतु दुर्बिणीच्या आरशास चालणार नाहीं. एखाद्या तेजस्वी ताऱ्याचा विखुरलेला प्रकाश शेजारच्या अंधुक ताऱ्यास पार बुडवून टाकील.

आतां हा थर घालतात कसा तें पाहूं. पूर्वीं कांचेवर चांदी चढविण्याचें काम रसायनांच्या द्रावणानें होत असे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांनीं ती कृति १८३५ सालीं शोधून काढली. पुढें विसाव्या शतकांत निर्वातांतील वाफेची रीति प्रचारांत आली. एका भक्कम भांड्यांतील हवा पंपानें जवळजवळ सर्व काढून टाकतात. आंत टंगस्टनच्या तारेचीं वेटोळीं असतात. त्यांत धातूचे तुकडे अडकवून तीं विजेनें तापविलीं, कीं धातु वितळतो व त्याची वाफ होऊं लागते. वाटेंत हवेचे कण नसल्यामुळें धातूचे अणु कोठेंही अडखळत नाहींत. ते सरळ रेषेंत धांवत जाऊन समोरच्या कांचेवर आदळतात व तिला चिकटतात. अमेरिकेंतील माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीच्या आरशावर १९३५ सालीं जॉन स्ट्राँग यांनीं याच रीतीनें ॲल्युमिनियमचा थर चढविला. चांदी लवकर काळवंडते. ॲल्युमिनियमवर मात्र हवेंत आपोआप एक पातळ, पारदर्शक व टणक कवच तयार होतें. त्यामुळें दुर्बिणींच्या आरशांवर ॲल्युमिनियमनें चांदीची जागा घेतली.

येऊन पडलेला अणु त्याच जागीं कायमचा स्थिर होतो काय? तसें नाहीं, आणि येथेंच उष्णतामानाचा संबंध येतो. अणूंनीं बनलेला पृष्ठभाग हा एखाद्या अफाट मोठ्या आप्पेपात्रासारखा समजावा. त्यावर सर्वत्र लहान लहान खळगे आहेत, आणि दोन खळग्यांमध्यें एक बारीकसा उंचवटा आहे. नवा अणु एका खळग्यांत बसतो. परंतु उष्णता म्हणजे अणूंची अखंड थरथर. थरथरतां थरथरतां एखादे वेळीं त्यास एवढा जोर मिळतो कीं, तो उंचवटा ओलांडून शेजारच्या खळग्यांत जातो. अशा उड्या मारीत तो पृष्ठभागावर हिंडूं लागतो.

ह्या हिंडण्यावर उष्णतामानाचा परिणाम किती जबर होतो, हें आंकड्यांनींच कळेल. असा एक धातु घेऊं कीं, ज्यावर एक उंचवटा ओलांडण्यास अणूस अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी शक्ति लागते. अणु सेकंदास सुमारें दहा लक्ष कोटि वेळां थरथरतो. पण प्रत्येक थरथरीस उडी साधत नाहीं. शून्याखालीं ७३ अंश सेल्सियस असतांना सेकंदांत जेमतेम दोनतीन उड्या होतात. २७ अंशांवर, म्हणजे आपल्या नेहमींच्या हवेंत, त्याच सेकंदांत सुमारें चाळीस हजार उड्या होतात. आणि १२७ अंशांवर त्यांची संख्या पन्नास लाखांच्या घरांत जाते. उष्णतामान शंभर अंशांनीं वाढलें, आणि चाल सहस्रपट वा शतपट वाढली! दर सेकंदास अणूंचा एक पूर्ण थर पडत असेल, तर थंडींतील अणु दोनतीन पावलें टाकतो न टाकतो तोंच त्याच्या अंगावर दुसरा येऊन पडतो. उष्णतेंतील अणूस मात्र योग्य जागा शोधण्यास भरपूर अवसर मिळतो.

अणूस हिंडतां आलें नाहीं तर काय होतें? जो जेथें पडला तो तेथेंच राहिला, तर कोठें चार अणु अधिक पडतील, कोठें चार उणे. त्यांतून लहान टेकाडें उत्पन्न होतात. वाफेचे अणु सर्वच कांहीं उभे येत नाहींत. पुष्कळसे तिरकेही येतात. तिरक्या येणाऱ्या अणूंस टेकाड आधीं लागतें आणि त्याच्यामागील खळगा सावलींत राहतो. मोठ्या झाडाच्या छायेंत रोप खुरटावें, तसा तो खळगा अणूंवांचून उपाशी राहतो. टेकाड उंच होत जातें, सावली लांब होत जाते, आणि शेवटीं थराच्या जागीं घुमटासारख्या माथ्यांच्या खांबांची दाटी होऊन मधून मधून पोकळ फटी राहतात. असा थर खडबडीत तर होतोच, शिवाय ठिसूळही होतो. फटींतून हवा व ओल आंत शिरते.

‘थंड’ व ‘ऊन’ हे शब्द मात्र प्रत्येक धातूच्या बाबतींत निराळे समजावे लागतात. कीव्ह शहरांतील मोव्चान व डेमचिशिन ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं १९६९ सालीं निकेल, टायटॅनियम, टंगस्टन इत्यादिकांचे थर निरनिराळ्या उष्णतामानांवर घालून पाहिले, व त्यांतून एक उपयुक्त नियम मांडला. उष्णतामान शून्याखालीं २७३ अंशांपासून, म्हणजे केल्विनच्या मापानें, मोजावें, आणि धातूच्या वितळबिंदूशीं त्याचें प्रमाण काढावें. हें प्रमाण धातूंच्या बाबतींत ०.३ पेक्षां कमी असलें, तर वर सांगितलेले सच्छिद्र खांब होतात, ०.३ व ०.५ यांच्या दरम्यान फटी बुजून खांब एकमेकांस घट्ट लागतात, आणि ०.५ च्या पुढें थराच्या आंतील अणुही हलूं लागून मोठे, नवे कण बनतात. पुढें १९७४ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ थॉर्नटन यांनीं पहिल्या व दुसऱ्या पट्ट्यांच्या मध्यें आणखी एक पट्टा दाखविला. त्यांत थर दाट असून त्याचा पृष्ठभाग बराच गुळगुळीत असतो.

हें प्रमाण काढून पाहिलें, म्हणजे एकाच खोलींतील हवा निरनिराळ्या धातूंस किती निराळी भासते तें दिसतें. खोलींत २७ अंश, म्हणजे ३०० केल्विन आहेत असें धरूं. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर, म्हणजे ९३३ केल्विनवर वितळतें, प्रमाण ०.३२ येतें. चांदी ९६२ अंशांवर वितळते. तिचें प्रमाण ०.२४. टंगस्टन ३४२२ अंशांवर वितळतो. त्याचें प्रमाण केवळ ०.०८. म्हणजे जी खोली ॲल्युमिनियमच्या अणूंस कोमट, तीच टंगस्टनच्या अणूंस गोठविणारी आहे. टंगस्टनला पहिला पट्टा ओलांडावयाचा, तर खालील वस्तु ८३० अंशांच्याही वर तापवावी लागेल.

एवढें वाचून कोणी म्हणेल, ‘मग अडचण कसली? कांच चांगली तापवा!’ कल्हईवाला हेंच करतो. तो भांडें भट्टीवर तापवितो, नवसागर टाकतो, मग कथील लावून बोळ्यानें सर्वत्र फिरवितो. थंड भांड्यावर कथील पसरतच नाहीं. परंतु ह्या दोन कामांत मोठा भेद आहे. कल्हईचें कथील वितळून पाण्यासारखें झालेलें असतें, आणि तांब्यापितळेशीं त्याची चांगली मैत्री असते. आमच्या थरांतील अणु एकेकटे येतात. आणि चांदीसारख्या धातूची कांचेशीं मैत्री बेताचीच असते.

अळूच्या पानावर पाणी टाकून पहा. पानापेक्षां पाण्याची ओढ पाण्याकडेच अधिक; म्हणून तें पसरत नाहीं, मोत्यासारखे थेंब होऊन बसतें. कांचेवर पडणाऱ्या चांदीचें असेंच आहे. तिचे अणु हिंडतां हिंडतां एकमेकांस भेटले कीं गट करतात, आणि कांचेवर चांदीचीं लहान लहान बेटें तयार होतात. आतां कांच तापलेली असेल, तर अणु दूरवर हिंडतात. नवा गट करण्यापूर्वींच त्यांस एखादें जुनें बेट सांपडतें, व ते तेथेंच वस्ती करतात. परिणाम असा कीं, बेटें थोडीं, मोठीं व दूर दूर होतात. त्यांचे कांठ एकमेकांस लागेपर्यंत तीं बरींच उंच झालेलीं असतात. उलट कांच थंड असेल, तर जागोजागीं असंख्य लहान बेटें होतात, तीं लवकर जुळतात, आणि थोड्या जाडींतच अखंड व सपाट थर मिळतो.

उष्णतेचा दुसरा धोका असा कीं, तयार झालेला पातळ थरही ती मोडून टाकते. थर अनेक बारीक कणांचा बनलेला असतो. अधिक तापला, कीं हे कण मोठे होतात, त्यांच्या शिवणींवर चर पडतात, चर खोल होतां होतां कांचेपर्यंत भोकें पडतात, आणि शेवटीं थर फाटून त्याचे पुन्हां थेंब होतात. विशेष हें कीं, यासाठीं धातु वितळावा लागत नाहीं. वितळबिंदूच्या पुष्कळ खालींच हा प्रकार घडतो. म्हणून प्रकाश परतविणारा ॲल्युमिनियमचा आरसा करतांना कांच तापवीत नाहींत, आणि धातूची वाफ झपाट्यानें सोडतात. संगणकाच्या चिपेंत तांब्याच्या सूक्ष्म वाटा भरण्यापूर्वीं तांब्याचा जो पहिला पातळ थर देतात, तोही गोळा होऊं नये म्हणून थंड राखलेल्या चकतीवर देतात.

येथवर आपणांस दोन गोष्टी दिसल्या: अति थंडींत सावलीमुळें खडबडीतपणा येतो, अति उष्णतेंत गोळे होऊन येतो. तेव्हां मध्यम उष्णतामान सर्वांत चांगलें, असें अनुमान कोणीही काढील. ह्या अनुमानास धक्का देणारा एक प्रयोग जर्मनींतील यूलिश येथें कोम्सा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला. तो १९९० सालीं प्रसिद्ध झाला.

त्यांनीं प्लॅटिनमच्याच एका निर्दोष स्फटिकावर प्लॅटिनमचे अणु सोडले. येथें धातु तोच असल्यामुळें अळूच्या पानासारखी अडचण नव्हती. वाढणाऱ्या पृष्ठभागावर त्यांनीं हेलियम वायूचा झोत मारला, आणि तो किती जोरानें परततो तें मोजीत गेले. एक थर पूर्ण झाला कीं पृष्ठभाग सपाट होतो, व झोत चांगला परततो; पुढचा थर अर्धा झाला कीं कांठच कांठ होतात, व झोत विखुरतो. म्हणून थरावर थर नीट बसत असतील, तर झोताचें माप समुद्राच्या लाटेप्रमाणें वरखालीं होत राहतें. सुमारें ३५० अंश सेल्सियसवर अशा लाटा दिसल्या. सुमारें १५० अंशांवर त्या नाहींशा झाल्या. पृष्ठभाग भराभर खडबडीत होत गेला. येथपर्यंत सर्व अपेक्षेप्रमाणें होतें. परंतु आणखी थंड करून पाणी गोठण्याच्या सुमारास, म्हणजे सुमारें २ अंशांवर आणतांच लाटा पुन्हां दिसूं लागल्या! ऊन असतां सपाट, थंड असतां सपाट, आणि मधल्या जागीं खडबडीत, असा हा उलटा न्याय झाला.

ह्याचें कारण पायरीच्या कांठाशीं आहे. बेटाच्या माथ्यावर पडलेला अणु खालीं उतरला, तर खालचा थर पूर्ण होतो. वरच राहिला, तर तेथें दुसरें बेट होतें. पण कांठावरून उतरतांना अणूच्या खालचा आधार क्षणभर कमी होतो. अंधारांत पायरी उतरतांना पाय अधांतरीं राहावा तसें त्यास होतें. म्हणून सपाटीवर हिंडण्यापेक्षां कांठ उतरण्यास अधिक शक्ति लागते. अर्लिख व हुद्दा यांनीं १९६६ सालीं टंगस्टनवरील एकेक अणु पाहून हा अडथळा दाखवून दिला, आणि श्वोबेल व शिप्सी यांनीं त्याच वर्षीं त्याचा थरांच्या वाढीशीं असलेला संबंध मांडला.

आतां प्लॅटिनमचें कोडें सुटतें. खूप उष्णतेंत अणूंजवळ कांठ उतरण्याइतकी शक्ति असते. थर सपाट होतो. मध्यम उष्णतेंत अणु हिंडूं शकतात, पण कांठ उतरूं शकत नाहींत. बेटें मोठीं व सरळ कांठांचीं असतात. त्यांच्या माथ्यावर अणु कोंडले जातात, तेथेंच भेटतात, आणि दुसरें, तिसरें, चवथें बेट करीत जातात. जुन्या घरांतील मडक्यांची उतरंड असते ना, तशा उतरंडी सर्व पृष्ठभागावर उभ्या राहतात. थंडींत मात्र बेटें पुष्कळ, इवलीं व दांतेरी कांठांचीं होतात. इवल्या माथ्यावरील अणु थोड्याच पावलांत कांठाशीं पोंचतो, पुन्हां पुन्हां पोंचतो. आणि दांतेरी कांठाच्या एखाद्या खांचेंतून त्यास उतरावयास सोपी वाट मिळते. अशक्त मनुष्यास उंच घाट उतरवत नाहीं. पण जवळच चार ठिकाणीं पायवाटा असल्या तर तोही खालीं येतो.

ह्या ज्ञानाचा उपयोग लवकरच झाला. त्याच शास्त्रज्ञमंडळानें १९९३ सालीं चांदीच्या स्फटिकावर असें दाखविलें कीं, प्रत्येक थराच्या आरंभीं युक्तीनें पुष्कळ लहान बेटें पाडावीं, व मग अणूंस मोकळें हिंडूं द्यावें, म्हणजे एरवीं उतरंडी रचणारी चांदीही थरावर थर सपाट बसते. बेटें पाडण्याची एक युक्ति म्हणजे आरंभीं थोडा वेळ थंडी ठेवणें. उष्णतामान एकच ठेवावें हा आग्रह सोडला, आणि साधलें!

यावरून मुख्य गोष्ट ध्यानांत येईल. उष्णतामान वाढविणें ही आपल्या हातची एकच क्रिया. परंतु तीमुळें अणूंचें हिंडणें, बेटांची संख्या, कांठ उतरणें आणि थराचें फाटणें ह्या चार गोष्टी एकाच वेळीं, पण निरनिराळ्या वेगानें बदलतात. पृष्ठभागाचा खडबडीतपणा हा त्या सर्वांच्या ओढाताणीचा निकाल होय. म्हणून एका धातूवरून दुसऱ्याचें, किंवा दोन उष्णतामानांवरून मधल्या तिसऱ्याचें अनुमान काढून स्वस्थ बसतां येत नाहीं. मोजून पाहावें लागतें. यूलिशच्या शास्त्रज्ञांनीं १५० अंशांवर पृष्ठभाग बिघडलेला पाहून पुढें आणखी थंड करण्याचें सोडून दिलें असतें, तर ही मौज त्यांस दिसलीच नसती.

ह्या विषयाचा थोडासा अनुभव घरींही घेतां येईल. पालकांनीं पातळ केलेलें तूप दोन वाट्यांत ओतून द्यावें. एक वाटी थंड पाण्यांत ठेवून लवकर गोठवावी. दुसरी झांकून उबदार जागीं सावकाश गोठूं द्यावी. दुसऱ्या दिवशीं बोटांनीं चोळून पहा. लवकर गोठलेलें तूप मऊ व एकजीव लागेल, सावकाश गोठलेलें रवाळ लागेल. तुपाचे कण आणि धातूंचीं बेटें ह्या एकच वस्तु नव्हत. परंतु घाईंत पुष्कळ लहान कण आणि सवडींत थोडे मोठे कण, हा नियम दोहींकडे सारखाच दिसतो. जेवावयास बसतांना रवाळ तूप कोणासही आवडतें. आरसा करणारास मात्र तें परवडत नाहीं.